सोनटक्क्यांचं डाएट

बालाजी सोनटक्के भेटल्यावर "काय, बरं आहे का?" असं विचारत नाहीत. ते तुमचं वजन सांगतात. तुम्ही विचारलेलं नसतं, काटा जवळपास नसतो आणि आजूबाजूला हमखास चार माणसं असतात. "ताई, दिवाळीत दीड किलो चढलाव की ओ," हे त्यांनी मला कंपनीच्या बसमध्ये, ड्रायव्हरपासून शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं. मी घरी येऊन काट्यावर उभी राहिले. एक किलो सहाशे. दुसऱ्या दिवशी त्यांना मी हे सांगितलं नाही. शंभर ग्रॅमची चूक त्यांच्या मनाला लागली असती.

आम्ही रहाटणीत एकाच इमारतीत राहतो. ते तिसऱ्या मजल्यावर, आम्ही चौथ्या. आणि कामाला चाकणच्या एकाच कारखान्यात. तिथे गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनतात. मी प्लॅनिंगला आहे, सोनटक्के तपासणीला. बाहेरच्या वर्कशॉपमधून जो माल येतो तो मोजायचा, उलटासुलटा करून बघायचा आणि पास किंवा रिजेक्ट असा शिक्का मारायचा, हे काम ते बावीस वर्षं करत आहेत. इतका माल हातात खेळवला की हातालाच वजन कळायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. माणसांचं कसं कळतं, ते मात्र कधी सांगत नाहीत.

मूळचे उदगीरकडचे. एकुलती एक मुलगी लग्न होऊन सोलापूरला गेली. घरी ते आणि रेखावहिनी, दोघंच. जगातल्या सगळ्या गोष्टींसाठी त्यांच्याकडे कामावरचीच भाषा आहे. ठरलेल्या मापापेक्षा इकडेतिकडे थोडा फरक चालतो, त्याला कारखान्यात टॉलरन्स म्हणतात. माझ्या हातचे पोहे खाऊन सोनटक्के म्हणाले होते, "टॉलरन्समधी हाय." लेकीचं स्थळ बघून आल्यावर जावयाबद्दलही हेच म्हणाले होते. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

तर असा हा माणूस गेल्या उन्हाळ्यात स्वतःच बारीक व्हायला लागला.

आधी पट्ट्याला नवीन भोक पडलं. मग गालफडं आत गेली. शर्ट खांद्यावरून उतरायला लागला. एका सकाळी बसमध्ये मागून कुणीतरी ओरडलं, "सोनटक्के, काय राव, हिरो झालात! काय करताय काय?"

सोनटक्क्यांनी उतरलेला शर्ट खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाले, "डाएट."

झालं. बस भोसरीतून निघाली होती आणि मोशीच्या आधी नेहमीसारखी अडकली होती. सगळी बस त्यांच्याभोवती गोळा झाली. कसलं डाएट? कुणी सांगितलं? काय काय खायचं? सोनटक्क्यांनी एक एक नियम सांगायला सुरुवात केली. सकाळी मेथीचं कोमट पाणी. दुपारी एक काकडी आणि अर्धी भाकरी. दिवस मावळल्यावर तोंडाला कुलूप. "अन् भाकरी लगेच मोडायची न्हाई. पाच मिनिटं तिच्याकडं नुसतं बघायचं. निम्मी भूक बघण्यातच जाती."

लोकांनी हे लिहून घेतलं! वाहतूक सुटेपर्यंत अकरा नियम झाले होते. आज मागे वळून बघताना कळतं, की गाडी जितका वेळ अडकायची तितके नियम वाढायचे. आठवड्याभरात 'सोनटक्के डाएट' नावाचा ग्रुप निघाला. त्यात पॅकिंगच्या बायका होत्या, कँटीनचा आचारी होता आणि माझा नवराही होता. तो आमच्या कंपनीत नाही, या ग्रुपात मात्र होता. रोज संध्याकाळी दिवस मावळायच्या आत ताटातल्या अर्ध्या भाकरीकडे पाच मिनिटं टक लावून बसायचा. भाकरीकडे तो ज्या नजरेने बघायचा, तसं त्याने लग्नाआधीही माझ्याकडे बघितलेलं मला आठवत नाही.

पॅकिंगची एक मुलगी केस गळतात म्हणाली. आचाऱ्याला चक्कर यायला लागली. पण काटा खाली येत होता, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. आणि सगळ्यांत जास्त उतरले होते ते खुद्द सोनटक्के. तीन महिनेही झाले नव्हते आणि तेरा किलो गेले होते.

मेमध्ये एका मंगळवारी मला भोसरीला जावं लागलं. एका वर्कशॉपकडून माल अडला होता. दुपारी भूक लागली म्हणून तिथल्याच एका खानावळीत शिरले. कोपऱ्यातल्या टेबलावर पाठमोरे सोनटक्के. तेही माल तपासायला आलेले. समोर तीन भाकरी, पिठलं, ठेचा, भाताचा डोंगर, आणि पलीकडे सरकवलेलं एक रिकामं ताट.

मी समोर जाऊन उभी राहिले. घास हवेतच थांबला.

"ताई, हे... चीट डे."

"आज मंगळवार आहे. चीट डे रविवारी असतो. तुम्हीच ग्रुपवर टाकलंय."

"मंगळवारचा बी असतो. शिनियर लोकांना."

मी इतकी हसले की खानावळवाला बघायला आला. सोनटक्केही हसले, पण घाम पुसत. पाण्याचा पेला उचलताना त्यांच्या हातातून थोडं पाणी सांडलं. "ग्रुपवर बोलू नका," एवढंच म्हणाले आणि आणखी एक भाकरी मागवली. मी त्यांना वचन दिलं आणि बसमध्ये दोन दिवस त्यांच्याकडे बघून गालातल्या गालात हसत राहिले.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. चोरून खाणारे डाएटवाले मी खूप पाहिलेत. चोरून एवढं जेवून तेरा किलो उतरणारा माणूस कुठे असतो? मी दिवसभर आकडे जुळवणारी बाई, आणि हा हिशेब मला सुचला नाही, कारण गंमत वाटत होती.

पुढच्या आठवड्यात बबनराव काळोखे पडले. बबनराव आमच्याकडे माल उचलायची गाडी, फोर्कलिफ्ट, चालवतात. चाकणजवळच्याच गावचे, जुन्या शेतकरी घरातले, दरवाजातून आडवे होऊन जावं लागेल असे. लेकीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. त्यात घालायला शिवलेला कोट पोटावर बसत नव्हता, म्हणून सोनटक्के डाएट दुप्पट वेगाने चालू. दुपारची अर्धी भाकरीही त्यांनी सोडली होती. त्या दिवशी उन्हात गाडीवरून उतरले, दोन पावलं चालले आणि खाली बसले ते बसलेच. गाडीवर असताना पडले असते तर काय झालं असतं, याचा विचारही नको.

चौघांनी उचलून त्यांना प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं. साखरेचं पाणी पाजल्यावर त्यांनी डोळे उघडले, छताकडे बघितलं आणि विचारलं, "मी हाय का न्हाई?"

"आहात, बबनराव."

"मंग भाकरी आना. आख्खी आना. आन् माज्याकडं कुनी बघू नगा."

सगळे हसले. सोनटक्के धावत आले होते, ते दारातच उभे होते. ते हसले नाहीत. बबनराव खायला लागल्यावर ते बाहेर गेले आणि पायरीवर बसले. मी मागोमाग गेले.

"ताई," ते म्हणाले, "डाएट न्हाईच ओ."

"माहीत आहे मला. भोसरीत पाहिलं ना मी."

"तसं न्हाई. एक दिवस बी न्हाई केलं. घरी हिच्यासमोर काकडी खातो अन् बाहेर दोन माणसांचं जेवतो. तरी उतरायलंय. थांबंनाच. छाती धडधडायली, झोप न्हाई." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती, गार वाऱ्यात उभं राहिल्यासारखी. बाहेर चाळीस अंश ऊन होतं. "परवा एक लॉट रिजेक्ट केला मी. तीनदा मापलं, तीन आकडे आले. माल चांगला होता, ताई. हात वाईट होता."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"न्हाई."

"का?"

"ते नाव सांगतेल ना त्याचं."

मग तुटक तुटक बोलत त्यांनी बाकीचं सांगितलं. रेखावहिनींचा मोठा भाऊ असाच उतरत गेला होता. वहिनी त्याच्या उशाशी होत्या, शेवटपर्यंत. चार महिन्यांत माणूस संपला. तेव्हापासून वहिनींना कुणी वाळलेलं दिसलं की त्यांचा जीव उडतो. "म्हणून डाएट म्हणलो. डाएट म्हणलं की बाईमाणूस भीत न्हाई. चिडती. चिडलेली परवडती, ताई."

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. मी म्हटलं, "उठा." अर्ध्या दिवसाची रजा टाकली, त्यांनाही टाकायला लावली आणि कंपनीबाहेरून रिक्षा करून थेट काळेवाडीला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटेत ते तीनदा म्हणाले, "उगं कामून त्रास घ्यायलाव?" मी तिन्ही वेळा रिक्षावाल्याला म्हटलं, जरा वेगात घ्या.

डॉक्टरीणबाईंना बघताच सोनटक्के सवयीने म्हणाले, "अठ्ठावन्न."

"बासष्ट," बाई म्हणाल्या. "आता तुमचं बघू."

चार किलोंची चूक! ती ऐकून मी जास्तच घाबरले.

बाईंनी नाडी धरली आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. मग हात पुढे ताणायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. मानेला हात लावून त्यांना घोटभर पाणी गिळायला सांगितलं. भूक कशी आहे? "राक्षसावाणी." गरम होतं? "फॅनखाली बी." चिडचिड? सोनटक्क्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बसमध्ये तर नाही करत." ते हळूच म्हणाले, "घरी करतो."

"मला एक शंका आहे," बाई म्हणाल्या, "पण रिपोर्टशिवाय बोलणार नाही." रक्त घेतलं, छातीचा फोटो काढायला सांगितला, साखरही तपासायला दिली. उद्या संध्याकाळी या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये सोनटक्क्यांनी कुणाचंच वजन सांगितलं नाही. पॅकिंगची एक मुलगी मुद्दाम समोर जाऊन उभी राहिली. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मोशीला बस अर्धा तास अडकली आणि त्या अर्ध्या तासात एकही नियम निघाला नाही.

संध्याकाळी बाईंनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढला. "थायरॉइड."

सोनटक्के म्हणाले, "म्हणजे ते न्हाई?"

"ते म्हणजे काय?"

त्यांना शब्द उच्चारता येईना. बाईंच्या लक्षात आलं. "नाही. ते नाही. छातीचा फोटो चांगला आहे, साखर चांगली आहे. गळ्यात एक ग्रंथी असते, ती तुमच्याकडे गरजेपेक्षा फार जोरात काम करतेय. खाल्लेलं सगळं शरीर जाळून टाकतंय, म्हणून वजन, म्हणून धडधड, म्हणून हात. पिंपरीतल्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे चिठ्ठी देते. गोळ्या बराच काळ घ्याव्या लागतील, मधून मधून रक्त तपासावं लागेल. पण बरं होतं हे."

"नक्की?"

"नक्की."

"परत एकदा म्हणा."

बाई परत एकदा म्हणाल्या. सोनटक्क्यांनी रुमाल काढला, घाम पुसल्यासारखं केलं आणि तो बराच वेळ तोंडावरच ठेवला. मी भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत बसले. वाचलेलं एक अक्षर आठवत नाही.

त्यानंतर बाईंनी दोघांनाही झापलं. त्यांच्या कानावर ग्रुप आला होता. बबनरावांचं आदल्या दिवशी मीच त्यांना सांगितलं होतं. "उपाशी राहून आठवड्यात चार किलो उतरले की लोक नाचतात. त्यातलं बरंचसं पाणी असतं आणि मांस झिजतं. चरबी तिथेच बसून असते. केस जातात, पित्ताशयात खडे होतात आणि दोन महिन्यांत सगळं वजन परत येतं. उतरवायचं तर महिन्याला दोन किलो खूप झाले, पोटभर नीट जेवून आणि चालून. आणि काहीच न करता उतरत असेल, तर लोकांकडून अभिनंदन घेत बसायचं नाही. माझ्याकडे यायचं."

क्लिनिकच्या पायऱ्यांवर उभं राहून सोनटक्क्यांनी ग्रुपवर लिहिलं: "सोनटक्के डाएट बंद. पूर्ण लॉट रिजेक्ट. चूक माझी आहे. सर्वांनी जेवून घ्यावे." मिनिटभरात माझ्या नवऱ्याचा मला फोन आला. तो आधीच कणीक मळायला बसला होता.

वर जाताना सोनटक्के तिसऱ्या मजल्यावर थांबले. "ताई, तुमी बी चला. माझ्यावर इश्वास ठेवायची न्हाई ती."

रेखावहिनींनी दार उघडलं. सोनटक्क्यांनी रिपोर्ट पुढे केला. वहिनींनी तो हातात घेतला, पण त्या बघत होत्या माझ्या तोंडाकडे.

"बरं होतंय का?" त्यांनी विचारलं.

"होतंय, वहिनी. गोळ्यांनी बरं होतंय."

त्या उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या. मग उठल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. आतून डब्यांचे आवाज यायला लागले.

"चिडली बगा," सोनटक्के कुजबुजले. चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मला बघवेना. ते हातपाय धुवायला गेले आणि मी आत गेले.

वहिनी भाकरी थापत होत्या. पाठमोऱ्या. मी म्हटलं, "तुम्हाला घाबरवायचं नाही म्हणून त्यांनी डाएटचं नाटक केलं हो."

"म्हाईत हाय की," त्या म्हणाल्या. "त्यांच्या अर्ध्या भाकरीत तूप घालायलेय मी, दोन महिने झाले."

"मग बोलला का नाहीत?"

भाकरी तव्यावर पडली. वहिनींनी तिच्यावर पाणी फिरवलं.

"ह्यांनी मला लगीन झाल्यापासून गाडीला हात लावू दिला न्हाई. मागं बस म्हणायचे, मी हाय ना. अन् दोन महिन्याखाली एक दिवस चावी माझ्या हातात दिली. म्हणले, रेखा, स्कूटर शिकून घे. रोज सकाळी मागच्या मैदानावर घेऊन जायलेत. सीट धरून माझ्या मागं पळायलेत, धापा टाकत. मी म्हणलं, कामून शिकू? तर म्हणले, उगं, बाजारात जायला, लेकीला आणायला स्टँडवर जायला. कुणाच्या तोंडाकडं बघायची गरज नको." त्यांनी हातावरचं पीठ झटकलं. "तवाच वळखलं मी, ताई. हा माणूस जायची तयारी करायलाय."

भाकरी करपायला आली होती, म्हणून मी गॅस बारीक केला.

"मला आठ दिवसांतच यायलती गाडी," त्या म्हणाल्या. "काय अवघड न्हाई त्यात. पण मी रोज पाय टेकवायचे. रोज आडवी घालायचे. एकदा मुद्दाम पडले बी. ते म्हणायचे, तुला कसं गं जमंना? मी म्हणायचे, न्हाई जमत, उद्या परत शिकवा." त्यांनी भाकरी उलटली. "मला आली असं कळलं असतं, तर त्यांचं काम झालं असतं की."

बाहेर नळ बंद झाला. वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि मोठ्याने ओरडल्या, "या आता! का परत काकडी चिरू?"

त्या संध्याकाळी सोनटक्के पाच भाकरी जेवले, वहिनींच्या देखत. मी मध्येच उठून वर आले.

गोळ्या सुरू होऊन सव्वा महिना झाला तेव्हाची गोष्ट. सकाळी मी बससाठी कोपऱ्यावर उभी होते. सोनटक्क्यांना त्या दिवशी रक्ताच्या तपासणीला जायचं होतं, म्हणून ते बसला नव्हते. एवढ्यात आमच्या गेटमधून स्कूटर बाहेर आली. चालवत होत्या रेखावहिनी. पाठ ताठ, हेल्मेटचा पट्टा घट्ट, दोन्ही पाय व्यवस्थित वर. समोरून पाण्याचा टँकर आला, तशा त्या एका हाताच्या अंतरावरून सहज बाजूला झाल्या. मागे सोनटक्के, मांडीवर रिपोर्टची फाईल.

मला बघताच त्यांनी हात वर केला. हात स्थिर होता. "ताई!" ते रस्त्याच्या त्या टोकापासून ओरडले, "बगा की ओ! तीन महिने शिकवून आली न्हाई, अन् काल एका दिवसात शिकली!"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी इंडिकेटर दिला आणि काळेवाडीकडे वळल्या.